दोनशे घरांच्या किल्ल्या

इंग्लंडमध्ये कुणाच्या घरातला गॅसचा बॉयलर उघडायचा असेल, तर गॅस सेफ नोंदवहीत नाव असावं लागतं. नाइटक्लबच्या दारात राखणीला उभं राहायचं, तर प्रशिक्षण घेऊन सरकारी परवाना काढावा लागतो. पण भाड्याने दिलेल्या दीड-दोनशे घरांचा कारभार हाती घ्यायला कायद्याने ना परीक्षा लागते, ना परवाना. कुणाचं भाडं थकलं, कुणाच्या छतातून पाणी ठिबकतंय, कुणाच्या बाळाच्या खोलीत बुरशी धरली आहे, कुणाला घर सोडायची नोटीस जायची आहे, हे सगळं ज्याच्या टेबलावर येतं तो माणूस कालपर्यंत मोबाइल फोन विकत असला तरी चालतो.

शेजारी असं नाही. स्कॉटलंडमध्ये लेटिंग एजंटांना, म्हणजे भाड्याच्या घरांचा कारभार बघणाऱ्यांना, नोंदणी करावी लागते, २०१८ पासून त्यांच्यासाठी आचारसंहिता आहे आणि जबाबदार पदांवरच्या लोकांना ठरावीक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. वेल्समध्ये ‘रेंट स्मार्ट वेल्स’चा परवाना आहे आणि तोही प्रशिक्षणाशिवाय मिळत नाही. इंग्लंडमध्ये लॉर्ड बेस्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या कार्यगटाने जुलै २०१९ मध्ये अहवाल दिला: एजंटांना परवाना हवा, पात्रता हवी, वर नियामक हवा. त्यानंतर पंतप्रधान बदलले, गृहनिर्माणमंत्री तर किती बदलले, पण त्या शिफारशी कायद्यात उतरल्या नाहीत.

म्हणजे उरते ती मुलाखत. तासाभराची मुलाखत, समोर दोन माणसं, मध्ये पाण्याचे ग्लास. या कामाला कोण लायक आणि कोण नाही, हे ठरवणारी दुसरी कुठलीही जागा इंग्लंडात नाही. म्हणून तो तास मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि तो बहुतेक ठिकाणी ज्या तऱ्हेने घेतला जातो त्याचा मला राग येतो.

स्विंडनमधल्या एका लेटिंग एजन्सीत मी मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसते. लंडनहून पश्चिमेला, रेल्वेने तासाभरावर हे गाव. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना इथे १८४३ मध्ये सुरू झाला आणि १९८६ मध्ये बंद पडला. कामगारांसाठी बांधलेल्या दगडी घरांच्या रांगा आजही ‘रेल्वे व्हिलेज’ म्हणून उभ्या आहेत. म्हणजे भाड्याचं घर ही या गावाच्या जन्माबरोबर आलेली गोष्ट. होंडाचा मोटारींचा कारखाना २०२१ मध्ये बंद झाला, त्याच्या जागी मोठमोठी गोदामं येऊ लागली. आणि या गोदामांत, हॉस्पिटलांत, हॉटेलांत काम करणारे गोंयकार इथे हजारोंनी राहतात. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं. त्या पासपोर्टवर, ब्रिटन युरोपीय संघात होतं तेव्हा, बार्देश, सालसेत, पेडण्यातली कुटुंबं इथे आली. मँचेस्टर रोडच्या बाजूच्या दुकानांत कोकम मिळतं, सुकी सुंगटं मिळतात. या लोकांचं इथलं पहिलं घर जवळजवळ नेहमी भाड्याचं असतं, आणि पहिला इंग्रज अधिकारी त्यांना भेटतो तो लेटिंग एजन्सीतला.

यंदा आमच्याकडे प्रॉपर्टी मॅनेजरची एक जागा भरायची होती. पुढे ज्या उमेदवारांबद्दल लिहिलं आहे, त्यांची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

आधी काय विचारता येत नाही ते सांगते, कारण मराठी वाचकाला ते नवल वाटेल. लग्न झालंय का, मुलं किती, आणखी होऊ द्यायचा विचार आहे का, हे विचारायचं नाही. वय विचारायचं नाही. २०१० च्या समानता कायद्यानुसार नोकरी देऊ करण्याआधी आजारपणाची चौकशीही करायची नाही. गाडी चालवता येते का, हे मात्र विचारायचं, कारण दिवसाला चार-पाच घरं बघायची असतात आणि ती गावाच्या चार टोकांना असतात. हे निर्बंध मला मनापासून आवडतात. आपल्याकडे मुलाखतीतला निम्मा वेळ ‘मूळ गाव कुठलं’ यात जातो. तो वेळ इथे कामाबद्दल बोलायला मिळतो.

आणि बोलायला भरपूर असतं. बहुतेक एजन्सी कायद्याची प्रश्नोत्तरं घेतात. अनामत किती घेता येते? वर्षाचं भाडं ५० हजार पाउंडांच्या आत असेल तर जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याइतकी. ती किती दिवसांत अधिकृत योजनेत जमा करायची? ३० दिवसांत, नाही केली तर अनामतीच्या एक ते तीन पट भरपाई द्यावी लागू शकते. गॅसची तपासणी दर वर्षी, विजेची दर पाच वर्षांनी. घरमालकाला घर पाहायचं असेल तर भाडेकरूला निदान २४ तास आधी लेखी कळवायचं. पाच किंवा अधिक माणसं, एकाहून जास्त कुटुंबांतली, एका घरात स्वयंपाकघर-न्हाणीघर वाटून घेत राहत असतील तर कौंसिलचा परवाना लागतो, आणि तिथे एका प्रौढाच्या झोपायच्या खोलीचं क्षेत्रफळ ६.५१ चौरस मीटरच्या खाली चालत नाही.

हे सगळं माहीत असलंच पाहिजे. पण हे पाठ करता येतं, आणि पाठ केलेलं आठवडाभरात जुनंही होतं. ‘रेंटर्स राइट्स ॲक्ट’ ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झाला. त्यातल्या भाडेकराराच्या मुख्य तरतुदी लागू करायची तारीख ठरली १ मे २०२६, आपला महाराष्ट्र दिन. १९८८ च्या कायद्यातलं कलम २१, म्हणजे काहीही कारण न देता भाडेकरूला दोन महिन्यांत घर सोडायला सांगण्याची सोय, त्याने गेली. ठरावीक मुदतीचे करार गेले. भाडं वर्षातून एकदाच वाढवायचं. जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा जास्त भाडं मागायचं नाही, कुणी देऊ केलं तरी घ्यायचं नाही. आगाऊ भाडं एका महिन्यापेक्षा जास्त मागायचं नाही. ही शेवटची तरतूद आपल्या मुलांना थेट लागू पडते. पुण्या-नागपूरहून शिकायला आलेल्या मुलाला इथे जामीन राहणारा कुणी नसतो, म्हणून सहा-सहा महिन्यांचं भाडं एकरकमी मागितलं जायचं, आणि तिकडे वडील बँकेत धावायचे.

थोडक्यात, ज्याने दहा वर्षं हे काम केलंय त्यालाही यंदा पुन्हा शिकावं लागलं. मग मुलाखतीत बघायचं काय?

आम्ही एक कागदांचा गठ्ठा देतो. शुक्रवार, दुपारचे चार, तुमच्या नावावर आठ निरोप आले आहेत, दीड तासात ऑफिस बंद होणार. क्रम लावा आणि प्रत्येकाचं काय कराल ते लिहा. वेळ वीस मिनिटं.

एका घरात गॅसचा वास येतोय. एका ठिकाणी वरच्या न्हाणीघरातलं पाणी खालच्या दिव्यात उतरतंय. एका भाडेकरूचं दोन महिन्यांचं भाडं थकलंय. तो लिहितो की गोदामाने तास कमी केले. एक घरमालक आज रात्री भावाला घेऊन घर दाखवायला जाणार म्हणतो. एक कुटुंब घर घेऊ इच्छितं, उत्तर आजच हवंय. शेजारची बाई गोंगाटाची तक्रार करते. भारतात राहणाऱ्या एका मालकाचा निरोप आहे, ‘मला विचारल्याशिवाय २०० पाउंडांच्या वर खर्च नको.’ आणि शेवटचा कागद: एका आईने फोटो पाठवलाय, खिडकीखालची भिंत पुन्हा काळी झाली आहे, मुलगा रात्रभर खोकतो. खाली तिचेच आधीचे दोन निरोप जोडलेले आहेत, जानेवारीतला आणि फेब्रुवारीतला. त्यांना उत्तर गेलेलं नाही. ते बारीक अक्षरात आहेत. मुद्दाम.

गॅस पहिला, हे सगळेच लिहितात. पण नेमकं काय? मालकाला फोन, प्लंबरला फोन, असं लिहिणारे पुष्कळ. बरोबर उत्तर: भाडेकरूला लगेच फोन, खिडक्या उघडा, बटणं दाबू नका, बाहेर पडा, आणि राष्ट्रीय आपत्कालीन क्रमांक ०८०० १११ ९९९. मालकाला नंतर.

पहिला उमेदवार तिशीच्या आतला, घरविक्रीच्या धंद्यातून आलेला. नीटनेटका, हसरा, आवाज उत्तम. कायद्याचे सगळे प्रश्न त्याने फटाफट सोडवले. भारतातल्या त्या मालकाचा कागद उचलून त्याने विचारलं, ‘यांचा कर कोण कापतं?’ मी मनात त्याला पैकीच्या पैकी दिले. परदेशी राहणाऱ्या मालकाच्या भाड्यातून एजंटाने मूळ दराने कर कापून सरकारकडे भरायचा असतो, मालकाने आधी मंजुरी मिळवली असेल तरच सुटका. हे मुरलेल्या लोकांनाही आठवत नाही. मग बुरशीचा कागद. तो त्याने सर्वांत खाली ठेवला होता. का? ‘हे नेहमीचं असतं. ते घरात कपडे वाळवतात, स्वयंपाक करताना खिडकी उघडत नाहीत. आपल्याकडे एक माहितीपत्रक असेल ना, ते पाठवू.’

हे उत्तर मी फार वेळा ऐकलं आहे, आणि ते ऐकलं की मला रॉचडेल आठवतं.

रॉचडेल हे मँचेस्टरजवळचं गाव. तिथल्या एका फ्लॅटमध्ये अवाब इशाक हा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये वारला. दुसऱ्या वाढदिवसाला आठवडा उलटला होता. आईवडील सुदानचे. घर सार्वजनिक गृहसंस्थेचं. वडिलांनी बुरशीची तक्रार पहिल्यांदा २०१७ मध्ये केली होती. त्यांना सांगण्यात आलं, वरून रंग मारा. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्युचौकशीचा निकाल आला: मूल घरातल्या बुरशीमुळे झालेल्या श्वसनविकाराने गेलं. हवा खेळायची पुरेशी सोय घरात नव्हती. आणि चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. हे कुटुंब बादलीत पाणी घेऊन आंघोळ करत असणार, म्हणून ओल येते, असं संस्थेतल्या लोकांनी गृहीत धरलं होतं. कुटुंबाच्या राहणीबद्दल आपण गृहीत धरलं ते चूक होतं, हे संस्थेला नंतर मान्य करावं लागलं.

बादली आणि तांब्या. आपल्यातल्या कुणाच्या घरात नाही? फोडणीची वाफ कुणाच्या स्वयंपाकघरात नाही? स्विंडनमधल्या पेडण्याच्या एका मावशींनी मला सांगितलं होतं, आधीच्या एजन्सीतला माणूस तपासणीला आला, भिंतीकडे बघण्याआधी त्याने चुलीवरच्या कढईकडे बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते त्यांनी विचारलं नाही. घर जाईल या भीतीने विचारलं नाही.

अवाबच्या नावाचा कायदा झाला. सार्वजनिक गृहसंस्थांना २७ ऑक्टोबर २०२५ पासून जिवाला धोका असलेल्या दोषाची दखल २४ तासांत घ्यावी लागते, आणि गंभीर ओल-बुरशीची तपासणी कामाच्या दहा दिवसांत. तपासणीत धोका दिसला तर पुढच्या कामाच्या पाच दिवसांत घर सुरक्षित करावं लागतं. खाजगी भाड्याच्या घरांपर्यंत हा कायदा नेण्याची तरतूद नव्या ॲक्टमध्ये आहे. शिवाय २०२३ च्या कायद्याने या सार्वजनिक संस्थांतल्या वरिष्ठ व्यवस्थापकांना पात्रता सक्तीची होते आहे. खाजगी बाजूला मात्र त्याच कामासाठी अजूनही फक्त आमची ती वीस मिनिटं आणि आठ कागद.

दुसरी उमेदवार चाळिशीची. बांधकामाचं सामान विकणाऱ्या दुकानात तिने वर्षानुवर्षं काउंटर सांभाळलेला. तिला कलम-बिलम फारसं येत नव्हतं आणि तिने ते सरळ सांगितलं. बुरशीचा कागद तिने उचलला, फोटो डोळ्यांजवळ धरला आणि मलाच प्रश्न विचारू लागली. ‘ही बाहेरची भिंत आहे का? बाहेरचा पन्हळ कधी साफ केलाय? न्हाणीघरातला पंखा चालतो का, की नुसता आवाज करतो?’ मग तिची नजर खाली गेली. ‘हिने जानेवारीत लिहिलंय,’ ती म्हणाली. ‘कुणी उत्तर का दिलं नाही?’ उमेदवार आम्हाला जाब विचारत होती. मी सोबत बसलेल्या आमच्या एजन्सीच्या मालकांकडे बघितलं. ते कागद चाळत होते.

तिसरा उमेदवार बार्देशचा. हॉटेलात हाउसकीपिंगचा सुपरवायझर, त्याआधी गोदामात रात्रपाळी. त्याने वीसपैकी आठ मिनिटं पेन उचललंच नाही. आठही कागद आधी वाचले. मग क्रम लावला: गॅस, दिव्यातलं पाणी, बुरशी. नंतर थकलेलं भाडं. बाकीचे खाली. क्रम कसा लावलास, विचारलं. ‘कोणाला आज रात्री त्या घरात झोपायचं आहे, ते बघितलं.’ थकबाकीवाल्याला तो फोन करणार होता, नोटीस पाठवणार नव्हता: ‘हॉटेलात तास कमी झाले की पहिलं भाडंच थकतं. कधीपासून तास कमी झाले आणि पुन्हा कधी मिळणार हे विचारलं, की काय करायचं ते कळतं.’ तो कायद्यात कच्चा होता, इतका की दोन महिन्यांच्या थकबाकीवर काय करता येतं हेही त्याला सांगता आलं नाही. नव्या कायद्यात ती सीमा तीन महिन्यांची आहे, म्हणजे तसा फोन करायला मुबलक वेळ आहे. तेवढं आम्ही शिकवू शकतो.

हे काम कसं शिकवायचं, याचा विचार इंग्लंडात फार पूर्वी झालेला आहे, आणि तो एका बाईने केला. ऑक्टेव्हिया हिल. १८६५ मध्ये जॉन रस्किनने लंडनच्या मॅरिलबोन भागात पॅरडाइज प्लेस नावाच्या गल्लीतली मोडकळीला आलेली घरं घेऊन तिच्या हाती दिली. अट एकच, गुंतवणुकीवर पाच टक्के सुटले पाहिजेत. तिने ते दर वर्षी सोडवले. पण वसुलीला माणसं न ठेवता ती स्वतः दर आठवड्याला दारोदार गेली, आणि पुढे आणखी बायकांना तयार करून पाठवलं. भाडं घ्यायला दार उघडलं की जिना दिसतो, नळ दिसतो, आजारी मूल दिसतं. दुरुस्तीसाठी तिने वर्षाची रक्कम ठरवून ठेवली होती. कमी मोडतोड झाली तर उरलेल्या पैशांत काय करायचं ते भाडेकरूंनी सांगायचं. थकबाकी मात्र ती खपवून घ्यायची नाही. या बाबतीत ती कठोर होती, आजच्या मापाने फारच कठोर, आणि गरिबांनी कसं वागावं याबद्दलची तिची मतं मला पटत नाहीत. पण नव्या बाईला ती पुस्तक देत नसे. सोबत जिने चढायला लावत असे. पुढे समाजशास्त्रज्ञ म्हणून नाव झालेली बिआट्रिस वेब, तेव्हाची मिस पॉटर, १८८० च्या दशकात याच पद्धतीने लंडनच्या गोदीजवळच्या कॅथरिन बिल्डिंग्जमध्ये भाडं गोळा करायची आणि कुटुंबागणिक नोंदी ठेवायची. हिलच्या तालमीतल्या बायकांनी १९१६ मध्ये आपली संघटना काढली. आजच्या चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ हाउसिंगची एक मुळी तिथे आहे.

आणि याच लंडनमध्ये ती शिकवण नसलेला काळही येऊन गेला. १९५७ च्या कायद्याने रिकाम्या झालेल्या घरांवरचं भाडेनियंत्रण उठवलं. नॉटिंग हिलमध्ये पीटर रॅकमन नावाच्या मालकाने जुने भाडेकरू हुसकावून, कॅरिबियन बेटांवरून आलेल्या आणि दुसरीकडे जागा न मिळणाऱ्या माणसांना त्याच खोल्या चढ्या भाड्याने दिल्या. त्याच्याही पदरी वसुलीची माणसं होती. कुणीतरी त्यांनाही निवडलंच होतं. रॅकमन १९६२ मध्ये वारला, त्याचे प्रकार १९६३ मध्ये चव्हाट्यावर आले आणि १९६५ मध्ये भाडेकरूंना संरक्षण देणारा कायदा झाला.

म्हणून आमचा पुढचा प्रश्न असतो: मालकाचा फोन आलाय, ‘उद्या मी कुलूप बदलतो.’ तुम्ही काय म्हणाल? कोर्टाच्या हुकमाशिवाय भाडेकरूला बाहेर काढणं हा १९७७ च्या कायद्याने गुन्हा आहे. तेवढं सांगितलं तर अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं म्हणजे हे वाक्य, पैसे देणाऱ्या माणसाला, फोनवर, आवाज न चढवता सांगता येतं का. एजन्सीचं कमिशन मालक देतो. भाडेकरूकडून वेगवेगळ्या नावांनी पैसे उकळणं २०१९ पासून बंद झालं आहे, ते योग्यच झालं. पण त्यामुळे आमचा पगार पूर्णपणे एकाच बाजूने येतो, आणि दुसरी बाजू त्या घरात राहते. या दोहोंमध्ये उभं राहायला माणूस भक्कम लागतो. पुण्यात बाणेरला राहणारे आमचे एक घरमालक आहेत, स्विंडनला नोकरीला होते तेव्हा घर घेतलं, मग परत गेले. त्यांना मी एकदा विचारलं, मॅनेजरकडून तुम्हाला काय हवं? ते म्हणाले, ‘मी चुकीचं सांगितलं तर मला नाही म्हणणारा माणूस हवा. मला तिथला कायदा कुठे माहीत आहे?’ सगळे मालक असे नसतात, पण असे पुष्कळ असतात, आणि एजन्सी त्यांना विनाकारण घाबरते.

मग नावाचा आणि पासपोर्टाचा प्रश्न. २०१६ पासून इंग्लंडभर घर देण्याआधी माणसाचा इथे राहण्याचा हक्क तपासावा लागतो. युरोपीय पासपोर्टवर आलेल्या गोंयकारांचा दर्जा आता कागदावर नसतो. सरकारी संकेतस्थळावरून ते नऊ अक्षरांचा संकेतांक काढून देतात आणि आम्ही तो तपासायचा. दोन मिनिटांचं काम. पण ब्रिटिश पासपोर्टवाला समोर असेल तर तेही वाचतं, आणि आळशी माणूस तिथेच वळतो. हायकोर्टाने २०१९ मध्ये ही योजनाच मानवी हक्कांच्या विरोधात ठरवली होती. २०२० मध्ये अपील कोर्टाने तो निर्णय फिरवला. पण या तपासणीमुळे काही मालक लोकांना नाकारतात, हे त्या कोर्टानेही नाकारलं नाही. मुंबईत मासे खाता का, जात कोणती, हे विचारून दार लावून घेतलं जातं. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला ती मराठी आहे म्हणून जागा नाकारल्यावर केवढा गदारोळ झाला. इथे तोंडावर कुणी काही बोलत नाही. फक्त फोन परत येत नाही.

आम्ही विचारतो: ‘दोन अर्ज आलेत, पगार सारखे, एकाचे कागद हातात आणि एकाचा संकेतांक. मालकाला कोणता अर्ज पाठवाल?’ पहिला म्हणाला, ‘जो आधी पूर्ण होईल तो.’ ऐकायला न्याय्य वाटतं. दुसरी म्हणाली, ‘संकेतांक मी जेवायच्या सुट्टीआधी तपासीन, मग दोन्ही पाठवीन.’ तिसऱ्याने थोडं थांबून सांगितलं, ‘हा प्रश्न मी दुसऱ्या बाजूने बघितलाय,’ आणि मग दुसरीसारखंच उत्तर दिलं. त्याने स्वतःची कहाणी पुढे केली नाही. ते मला आवडलं.

पैशाचं थोडक्यात. भाडेकरूंचे आणि मालकांचे पैसे एजन्सीच्या स्वतःच्या खात्यात मिसळायचे नाहीत, आणि २०१९ पासून त्या पैशांना संरक्षण देणाऱ्या योजनेचं सदस्यत्व सक्तीचं आहे. त्यामुळे मोठ्या चोरीची भीती कमी. भीती आहे ती नाताळात प्लंबरने आणून दिलेल्या व्हिस्कीच्या बाटलीची, कारण मार्चमध्ये त्याच प्लंबरचं बिल मंजूर करायचं असतं. तिघांनीही ‘घेणार नाही’ असं सांगितलं. या प्रश्नाने काही कळत नाही; मी तो आता बंद करणार आहे.

आपल्याकडे हे पदच नाही, हे मला हल्ली खटकतं. पुण्यात, ठाण्यात ब्रोकर घर दाखवतो, अकरा महिन्यांचा करार नोंदवून देतो, एका महिन्याचं भाडं घेतो आणि नाहीसा होतो. त्यानंतर नळ गळला की भाडेकरू आणि मालक समोरासमोर, आणि वाद झाला की सोसायटीचा सेक्रेटरी. महारेराने २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा लावली, हे मोठं पाऊल आहे, पण ते प्रकल्पांतली घरं विकणाऱ्यांसाठी. लाखो मुलं भाड्याने राहणाऱ्या शहरांत भाड्याच्या घराकडे बघणारं, दोन्ही बाजूंना उत्तरं देणारं, शिकलेलं माणूस असावं, असं मला फार वाटतं. ते पद निर्माण होईल तेव्हा निवडीची पद्धत सुरुवातीलाच नीट बसवावी.

निवडीच्या वेळी आमच्या एजन्सीच्या मालकांना पहिला उमेदवार हवा होता. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: तो नवीन घरमालक मिळवून आणेल, कायदा त्याला येतो, दुसऱ्या दिवशी कामाला लागेल. मी बुरशीचा कागद पुढे केला. ते म्हणाले, ‘एका उत्तरावरून?’ मी म्हटलं, इतर सगळी उत्तरं शिकवता येतात. तक्रार करणाऱ्यावर आधी अविश्वास दाखवायची सवय घालवायला मला जमलेलं नाही, आणि ती घालवून दाखवणारा कुणी मला भेटलेलाही नाही. बराच वेळ बोलणं झालं. शेवटी दुसऱ्या उमेदवाराबद्दल त्यांनी एकच विचारलं, ‘तिला कायदा किती दिवसांत येईल?’ प्रॉपर्टीमार्क या एजंटांच्या संघटनेचा लेव्हल तीनचा अभ्यासक्रम आहे, नोकरी करता करता होतो. तो एजन्सीच्या खर्चाने द्यायचा, असं ठरलं.

दुसऱ्या उमेदवाराला आम्ही पुन्हा बोलावलं. मुलाखतीच्या शेवटी उमेदवाराला ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं विचारायची रीत आहे. पहिल्या भेटीत तिने सुट्ट्यांबद्दल विचारलं होतं. या वेळी तिने तो प्रश्न विचारला, जो या धंद्यात प्रत्येकाने विचारायला हवा आणि जवळजवळ कुणीच विचारत नाही: ‘माझ्याकडे घरं किती असतील?’

एकशे नव्वद, मी सांगितलं.

‘आधीची का गेली?’

तेही सांगितलं. घरं एकशे नव्वद होती म्हणून. जानेवारीच्या निरोपाला उत्तर का जात नाही, याचं कारण पुष्कळदा माणूस वाईट असणं हे नसतं. दिवसाला साठ-सत्तर निरोप येतात आणि त्यांतला सर्वांत शांत आवाजातला तळाला जातो. कितीही चांगला माणूस निवडा, त्याच्या डोक्यावर एवढी घरं ठेवली की तो सहा महिन्यांत माहितीपत्रकं पाठवू लागतो.

ती म्हणाली, एकशे चाळीसच्या वर मी घेणार नाही, आणि हे पत्रात लिहून हवं. मालकांनी दोन दिवस मागून घेतले आणि एकशे चाळीसवर सही केली. ती आली. उरलेल्या पन्नास घरांसाठी अर्धवेळाची दुसरी जागा काढली आहे, तिची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. बार्देशच्या त्या उमेदवाराला मी फोन करून कळवलं. तो येणार आहे. थकबाकी, नोटिसा आणि भाडेवाढ यांवरची टिपणं मी त्याला पाठवली आहेत, आणि त्याने त्यांवर विचारलेल्या अकरा प्रश्नांतल्या दोहोंची उत्तरं मला शोधावी लागणार आहेत.